नाल्वोगा उंबऱ्यावर उभी राहत नाही

"झऱ्याकडच्या चिखलात झाकणं दिसली, तर घागर तिथेच टाकायची आणि पळत घरी येऊन सांगायचं."

सासऱ्यांनी हे मला सांगितलं नव्हतं, अंगणातल्या फणसाला सांगितलं होतं. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, जवळ यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून मला काही सांगायचं असलं की ते फणसाकडे तोंड करून बोलत, आणि मी पाठमोरी बसून भांडी घासता घासता ऐकत असे. लग्न होऊन आले त्या पहिल्याच कोरड्या महिन्यांत त्यांनी फणसाला समजावलं होतं, की दलदलीतलं पाणी हटलं की मांबा मासा चिखलात बीळ करून शिरतो, वरून मातीचं झाकण ओढून घेतो आणि पावसापर्यंत झोपतो. सरोवराच्या बाजूला झाकणं दिसली तर घाबरायचं नाही, ते दर वर्षीचं आहे. टेकडीच्या पायथ्याशी, झऱ्यापाशी दिसली, तर समजायचं की कुणीतरी पाणी खालून सोडलंय.

मी मनातल्या मनात हसले होते. मी कॉलेजात भूगोल शिकून आलेली, शाळेत पोरांना फळ्यावर पाण्याचं चक्र काढून दाखवणारी. मासे मला काय सांगणार?

गेल्या जूनमध्ये सासरे गेले. या जानेवारीत झऱ्यावर मला ती झाकणं दिसली. बशीएवढी, मधोमध बोटभर भोक. कडेवरच्या माझ्या तान्ह्या कान्यिकेला मी ती कौतुकाने दाखवलीसुद्धा. घागर भरली, घरी आले, कुणालाही काही सांगितलं नाही. फेब्रुवारीत झऱ्याला गढूळ पाणी यायला लागलं. मी ते उकळत होते, गाळत होते, तरी नऊ महिन्यांचं माझं पोर चार दिवस सलाईनवर होतं. तेव्हापासून तो झोपला की मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसते. श्वास लागोपाठ येतोय ना, एवढंच बघते. नवरा म्हणतो, वेडी झालीस. असेन.

पाणी खालून सोडलं होतं ते आमच्याच घरातल्या माणसाने. थोरल्या भाऊजींनी, म्बाजिरांनी, डिसेंबरात सरोवराच्या बाजूने लव्हाळ्याच्या बनात चर खणायला घेतला होता. दलदल सुकवून भात लावायचा. चर झऱ्यापासून वीस पावलांवर येऊन थांबला होता. सोमवारी खोदाईचं यंत्र परत येणार होतं आणि ती वीस पावलं संपणार होती.

आणि त्याआधीच्या शनिवारी आमच्या घरातलं मरण बाहेर काढायचं होतं.

माणूस पुरला म्हणून मरण संपत नाही. ते घरात बसून राहतं. सगळं कूळ जमवून एक दिवस त्याला निरोप द्यावा लागतो, आणि त्याच दिवशी मेलेल्याचा वारस उंबऱ्यावर उभा करतात. खांद्यावर वल्कलाची गाठ, हातात भाला. सासऱ्यांच्या मृत्युपत्रात वारस म्हणून म्बाजिरांचं नाव होतं. आणि वारसाच्या शेजारी, तसंच वल्कल पांघरून, उभी राहायची त्याची बहीण, तिला लुबुगा म्हणतात. तिथे नाव होतं नाल्वोगाचं, माझ्या थोरल्या नणंदेचं.

त्या शनिवारी सकाळी आम्ही बायका स्वयंपाकघरामागे केळी सोलत बसलो होतो. दोनशे माणसांचं जेवण. हिरव्या केळ्यांचा ढीग आमच्या डोक्याच्या वर गेला होता. पाणी शहरातून मोटारसायकलवर पिवळ्या डब्यांतून आणलेलं. झरा शंभर पावलांवर असूनही.

थोरल्या जाऊबाई प्रोस्कोव्हिया आदल्या दिवशीच कंपालाहून आल्या होत्या आणि रबरी हातमोजे चढवून सोलत होत्या.

"काय गं," नाल्वोगा म्हणाली, "केळं सोलतेस की त्याचं ऑपरेशन करतेस?"

"चीक लागतो हो ताई. नखं कालच करून घेतलीत."

"असं होय. मग केळ्यांनाच सांगते, बायांनो, तुमच्या तुम्ही सोलून घ्या, आज साहेबीणबाईंची नखं आहेत."

सगळ्या हसल्या. प्रोस्कोव्हियाही हसल्या, पण मोजे काढले नाहीत. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून, पाय पसरून, पानांच्या शिरा काढत होत्या. नऊ महिने त्या सगळ्यांना एकच सांगत होत्या, एकदा ते कार्य होऊन जाऊ दे, मला रात्री त्यांचं खोकणं ऐकू येतं.

नाल्वोगाला पन्नाशी लागली होती. मूल नाही म्हणून नवऱ्याने परत धाडल्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ती दलदलीच्या काठाला खोपटं करून राहते आणि लव्हाळ्याच्या चटया विणते. तिच्या तळहातांना आडवे उभे इतके चरे पडलेत, की त्यांत मूळच्या रेषा कुठल्या ते सांगता येत नाही. ती सरकून माझ्याजवळ आली.

"पोराचं पोट कसं आहे?"

"आज बरं आहे. वन्सं, सोमवारी यंत्र येतंय."

"माहितीये."

"आज भाऊजी वारस झाले की जमिनीचा कागद त्यांच्या हातात. मग त्यांना अडवणार कोण?"

"मग मी काय करू? बापानं त्याचंच नाव लिहिलंय."

"तुमचंही लिहिलंय."

तिची सुरी थांबली. "लुबुगानं नुसतं उभं राहायचं असतं, कागोया. बोलायचं नसतं."

"आणि उभंच राहिलं नाही तर?"

तिने पुढचं केळं घेतलं. "सुनेनं असली अक्कल शिकवायची नसते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेवढ्यावरून मी काहीच ओळखू शकले नाही.

दहाच्या सुमाराला ओपोलोट आला.

ओपोलोट म्हणजे चर खणणाऱ्या टोळीचा मुकादम, पूर्वेकडचा, उंचापुरा आणि भारी अदबीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मंडपात कुळाची सगळी वडीलधारी मंडळी बसली होती, मधे बुले आजोबा, सासऱ्यांचे चुलते, आमच्या शाखेचे प्रमुख. ओपोलोटने डोक्यावरची टोपली उतरवून त्यांच्या पुढ्यात ठेवली. वर केळीचं पान झाकलेलं.

"साहेबांच्या घरी कार्य आहे," तो म्हणाला, "रिकाम्या हातानं कसं यायचं? माझ्या पोरांनी स्वतः धुरावर धरलेत. चराच्या मातीत झोपलेलेच सापडले. एकेक हा एवढा!"

आणि त्याने पान उचललं.

टोपलीत मांबा होते. सात-आठ, जाडजूड, धुराने काळे झालेले, शेपट्या तोंडाशी वळवून झोपले होते तसेच वेटोळे.

आम्ही मांबा कुळाचे. म्हणजे मी नाही, मी लग्न करून आलेली. पण माझा नवरा, माझी मुलं, त्या मंडपात बसलेला जवळजवळ प्रत्येक जण. हा मासा या घरात खात नाहीत, शिजवत नाहीत, कुणी जाळ्यात सापडलेला दाखवला तर तोंड फिरवतात. तो कुळाचा आहे. लहान पोरांनाही तो 'तुझा भाऊ' म्हणून सांगतात.

कुणीतरी "आई गं" म्हणालं. मागच्या रांगेत बसलेले एक जावई, त्यांचं कूळ वेगळं, हळूच म्हणाले, "म्हणजे आता हे वाया जाणार का?" त्यांच्या बायकोने त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की ते उडालेच.

ओपोलोट सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. "काय झालं? शिळे नाहीत हो, कालचेच आहेत."

"बाबा रे," बुले आजोबा काठीवर भार देऊन उठले, "हे आम्ही आहोत."

ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो मटकन गुडघ्यांवर बसला. "मला कुणी सांगितलं नाही! देवाशपथ! मी पोरांनाही खाऊ घातलेत. महिनाभर आम्ही..." आणि पुढे बोलू नये हे त्याचं त्यालाच उमगलं.

"तुझा दोष नाही. तू कुणाला उकरतोयस, हे तुला कामाला लावणाऱ्यानं सांगायला हवं होतं." आजोबांनी म्बाजिरांकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

वल्कलाच्या तुकड्यात गुंडाळून ते मासे केळीच्या बागेत पुरले. खड्डा नाल्वोगाने खणला. माती लोटून झाल्यावर हात न धुता तशीच आपल्या खोपटाकडे निघून गेली.

म्बाजिरा भाऊजींचं त्या वेळी काय झालं, ते त्यांनी मला काही दिवसांनी सांगितलं. ते कोठाराच्या मागे जाऊन फोन कानाला लावून उभे होते, पलीकडे कुणीच नव्हतं. त्यांना आठवत होतं की ओपोलोटला त्यांनीच सांगितलं होतं, मातीत सापडेल ते तुमचं. सांगताना त्यांच्या मनात मासा आलाच नव्हता. दलदल म्हटलं की त्यांना हल्ली भात दिसायचा, हिरवा, गुडघाभर. लहानपणी याच पाण्यात ते पोहायला शिकले होते. नाल्वोगानेच शिकवलं होतं, हनुवटीखाली हात धरून.

माझा नवरा सेंगोबा त्यांच्या मागोमाग गेला. तो फार बोलणारा नव्हे. दिवसभर मोटारसायकली दुरुस्त करतो आणि बोल्टांशीच काय ते बोलतो. प्रोस्कोव्हिया तिथे होत्या, त्यांनीच हे मला नंतर सांगितलं.

"दादा, यंत्राला नको म्हणून सांग."

"तूही तेच! तुला वाटतं मला हौस आहे? टेकडीवरची कॉफी बघितलीस? दोन वर्षं झाली, फुलं येतात आणि गळतात. केळ्याचा घड हातात धरला तर पोराच्या डोक्याएवढा. ही मार्चची वीस तारीख, पावसाचा थेंब नाही. वर पाणी नाही म्हणून माणूस खाली पाण्याकडे सरकतोय. मी एकटा आहे का? गावातल्या बारा घरांना मी चराकाठचे वाफे दिलेत. त्यांना काय सांगू?"

"झरा गेला तर त्या बारा घरांनी प्यायचं काय?"

"बोअर मारू."

"बोअरला पाणी कुठून येणार? दलदलीतनंच ना?"

"हे तुझ्या मास्तरणीनं शिकवलं वाटतं."

"तिनंच शिकवलं," सेंगोबा म्हणाला. "पोराचं सलाईन धरून मी चार दिवस उभा होतो, तेव्हा शिकलो."

भाऊजी म्हणाले, "आज नको. आज कार्य होऊ दे. आई बघ कशी झालीये." आणि सेंगोबा, आईचं नाव निघाल्यावर, मान हलवून परत फिरला. प्रोस्कोव्हियांनी मला हे सांगताना हात पुढे केले होते. मोजे काढले होते, नखांत चीक होता.

बाराच्या आत वारस उभा करायचा असतो. ढोल वाजले. म्बाजिरा पांढऱ्याशुभ्र पायघोळ अंगरख्यात उंबऱ्यावर आले. बुले आजोबांनी त्यांच्या खांद्यावर वल्कलाची गाठ मारली, हातात सासऱ्यांचा भाला दिला. सगळं अंगण उभं राहिलं. मी मागे, कान्यिकेला पाठीला बांधून, आणि माझी चार वर्षांची नान्फुका माझ्या गोमेसीचा, म्हणजे ठेवणीतल्या पायघोळ झग्याचा, घोळ धरून.

"लुबुगा!" आजोबांनी हाक मारली.

नाल्वोगा फणसाखालून पुढे आली. उंबऱ्यापासून दोन हातांवर थांबली. आजोबांनी दुसरं वल्कल उलगडून धरलं.

"ये पोरी."

"येते," ती म्हणाली. "आधी त्याला चर बुजवायला सांगा."

पहिल्यांदा कुणाला वाटलंच नाही की ती खरं बोलतेय. मागे कुणीतरी हसलं.

"नाल्वोगा, ही वेळ नाही," आजोबा म्हणाले.

"दुसरी वेळ कधी आहे आजोबा? सोमवारी? सोमवारी मी एक चटया विणणारी बाई असणार. आज मी उभी राहिले नाही तर हा वारस होत नाही. आजच माझा शब्द आहे. उद्या नाही."

"ताई," म्बाजिरा दातांत बोलले, "लोक बघतायत."

"बघू देत. सकाळी टोपलीतही बघितलं त्यांनी."

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी लेकीचे दोन्ही हात धरले. "माझ्यासाठी उभी राहा. मला तो खोकला ऐकवत नाही गं. एकदाचं त्यांना जाऊ दे."

नाल्वोगाचं तोंड वाकडं झालं, आता रडणार असं मला वाटलं. पण तिने आईचे हात नुसते धरून ठेवले. "आई, सरोवर चढलं होतं त्या वर्षी पलीकडच्या गावाची किती घरं गेली? त्यांनी लव्हाळं कापलं होतं. आपलं एक खोपटंही हललं नाही. बाबांनी ते राखलं होतं. त्यांना पाठवायचं तर त्यांचं राखलेलं मोडून पाठवू?"

अंगणात कुजबुज वाढली. बाजूच्या शाखेतला एक काका ओरडला, "दुसरी पोरगी उभी करा! कुळात मुली काय संपल्यात?"

मुली होत्या. तिघी चुलत बहिणी होत्या. काकांनी एकीकडे बोट केलं, ती म्हणाली मला ताप आहे. दुसरी आपल्या आईमागे गेली. तिसरी सरळ म्हणाली, "नाल्वोगाताईच्या जागी मी? नको बाई." त्या सगळ्यांच्या घरी पाणी त्याच झऱ्याचं होतं. नुसतं कुणी बोललेलं नव्हतं.

आजोबा थकले होते. त्यांनी नजर फिरवली आणि ती नान्फुकावर थांबली.

"बहीण नसेल तर रक्ताची मुलगी चालते. पूर्वी झालंय असं. सेंगोबाची पोर आणा."

एका आत्याने तिचा हात धरलासुद्धा. नान्फुका खूश झाली. सगळे तिच्याकडे बघत होते, नवं कापड मिळणार होतं. ती दोन पावलं पुढे गेली आणि मी तिचा दुसरा हात धरला.

भर अंगणात सुनेने तोंड उघडायचं नसतं, हे मला माहीत आहे. मी आधी रीतीप्रमाणे गुडघे टेकले, आणि टेकलेल्या गुडघ्यांनीच बोलले.

"नाही आजोबा."

"सूनबाई, मूल कुळाचं असतं."

"मान्य आहे. मूल कुळाचं. पण रात्री जुलाब झाले की उठते मी. फेब्रुवारीत कुळातलं कोण उठलं होतं?" मला थांबवेना. "जानेवारीत झऱ्यापाशी झाकणं दिसली होती मला. मी गप्प बसले. माझी चूक. आता माझ्या पोरीला उंबऱ्यावर उभी करून ते पाणी जाऊ देणार नाही."

काकांनी "बघा, शिकलेल्या!" असं काहीतरी म्हटलं. आत्याने नान्फुकाचा हात सोडला नव्हता, मीही सोडला नव्हता. पोर मधे, आता रडायला लागलेली.

तेव्हा सेंगोबा आला. बाराव्या रांगेतून, माणसं बाजूला सारत. त्याने आत्याची बोटं एकेक करून सोडवली आणि लेकीला उचललं.

"ही उभी राहणार नाही," तो म्हणाला. "बाप मी आहे." तो जाऊन नाल्वोगाच्या शेजारी उभा राहिला.

मी सासूबाईंकडे बघत होते. त्या कधी नवऱ्याच्या, कधी मुलाच्या मागे उभ्या राहिलेल्या बाई. त्यांनी डोळे पुसले, डोक्याचं फडकं नीट केलं आणि उंबऱ्यावरच्या म्बाजिरांना म्हणाल्या, "मरण अजून किती दिवस घरात ठेवायचं, ते तू ठरव. मी राहीन त्याच्याबरोबर. सवय झालीये मला." आणि त्या लेकीच्या पायाशी, मातीतच, खाली बसल्या.

भाऊजींनी भाला जमिनीवर टेकवला.

"ठीक आहे. सोमवारी यंत्र येणार नाही."

"यंत्राचं विचारत नाही मी," नाल्वोगा म्हणाली. "चर बुजव."

"अख्खा चर? महिना लागेल ताई!"

"अख्खा नको. झऱ्याकडचं तोंड. पाणी तिथूनच निथळतंय."

"उद्या सकाळी..."

"आत्ता."

"या कपड्यांत?"

"कपडे धुता येतात. पाणी असलं की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रोस्कोव्हिया होत्या. नवऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी पायांतले उंच टाचेचे बूट काढले, भिंतीशी जोडून ठेवले आणि म्हणाल्या, "चला ना. जेवणाला तसाही वेळ आहे."

म्बाजिरांनी खांद्यावरच्या वल्कलाची गाठ स्वतःच सोडली. बुले आजोबांनी ते जमिनीवर पडायच्या आधी झेललं. "मी धरतो," ते म्हणाले. "या जाऊन. बारा वाजले तरी चालतील, सूर्याला मी सांगतो."

त्या दुपारी आमच्या कुळाने पांढऱ्या अंगरख्यांत आणि ठेवणीतल्या गोमेसींत दलदलीत उतरून चिखल तुडवला. नाल्वोगा हुकूम सोडत होती. लव्हाळ्याच्या मोळ्या आडव्या टाका, वर चिकणमाती, पुन्हा मोळ्या, तुडवा, तुडवा, लग्नात नाचता तसे तुडवा. ओपोलोट आपली टोळी घेऊन न बोलावता आला आणि सगळ्यांत खोल जागी कमरेएवढ्या गाळात उभा राहिला. ते चिमटा खाल्लेले जावई सगळ्यांत जोरात नाचत होते. पहिलं फावडं म्बाजिरांनी मारलं. चांगलं मारलं, ते मी सांगितलंच पाहिजे. तासाभरात त्यांना धाप लागली तरी त्यांनी ते सोडलं नाही.

काठावर किग्गुंडू उभा होता, बारा वाफेवाल्यांपैकी एक. बायको शेजारी. वाफ्यात त्याचं भात चार बोटं वर आलेलं.

"पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच जमीन दाखवलीत," तो म्बाजिरांना म्हणाला. "आता पाणी भरणार. आम्ही कुठं जायचं?"

"आपण बसून बोलू, किग्गुंडू."

"बोला तुम्ही बसून. तुमच्याकडे कंपालाचं घर आहे." आणि तो बायकोला घेऊन निघून गेला. त्याचं काही खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याची भीती वाटली.

दोन वाजता, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली नाल्वोगा उंबऱ्यावर चढली आणि तितक्याच माखलेल्या भावाच्या शेजारी उभी राहिली. आजोबांनी दोघांना वल्कल बांधलं. सासूबाईंना त्या रात्रीपासून खोकला ऐकू आलेला नाही.

म्बाजिरांनी शब्द पाळला, यंत्र आलं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी बांध कुणीतरी फोडलेला सापडला. नाल्वोगाने तो एकटीने पुन्हा घातला. मग पुन्हा फोडला. मग तिने आपलं खोपटं मोडून थेट बांधावर आणून उभं केलं. "आता फोडायचा तर मला उठवून फोडावा लागेल," ती म्हणाली. मी म्हटलं, वन्सं, एकट्या राहू नका. ती म्हणाली, एकटी कुठे, खाली सगळं कूळ झोपलंय.

एप्रिलात पाऊस आला तो असा, की महिन्याभराचा तीन दिवसांत. आम्ही तेव्हा शहरात, मसाकाला, होतो. कान्यिकेला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं, आता तो बरा आहे, खातो. सासूबाई प्रोस्कोव्हियांकडे कंपालाला आहेत, त्यांना एकटं टाकून जाऊबाईंना निघता येत नाही. आणि शहराकडून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावरची मोरी वाहून गेली. सेंगोबा मोटारसायकल घेऊन दोनदा पाण्यापर्यंत जाऊन परत आला. भाऊजी कामासाठी सीमेपलीकडे गेलेत, त्यांनी गावात दोन फोन केले. एकाने उचलला नाही, दुसरा किग्गुंडूचा भाऊ निघाला, तो म्हणाला, असेल तिकडेच. नाल्वोगाचा फोन नऊ दिवस बंद आहे. चार्जिंग संपलं असेल, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

कंपालाकडून येणारा रस्ता अजून चालू आहे. तुम्ही त्या बाजूने मसाकाकडे निघाला असाल, तर आमच्या गावच्या, किगोयेच्या फाट्यावर उतरा. चर्चच्या मागून उतरणीची वाट आहे, दहा मिनिटांची. बांधावरचं खोपटं लांबूनच दिसतं. तिथे नाल्वोगा म्हणून हाक मारा, मोठ्याने, पावसात तिला ऐकू येत नाही. ती आतून बरी आहे म्हणून सांगेल. तेवढ्यावर परत फिरू नका. तिला बाहेर बोलवा, चूल पेटलेली आहे का बघा, ती पायांवर उभी आहे का बघा. आणि मला कळवा.